मोजणीत नसलेले

उंबरा काढून टाकायचा निर्णय मी घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलायला मला जागा उरणार नाही.

कुरॅजाँग ही आमची फुकट वाटली जाणारी संगणकप्रणाली. तिला मालक नाही. दोनेकशे माणसं आपापल्या घरी बसून तिचे तुकडे सांभाळतात आणि वर्ष-दीड वर्षाने सगळे तुकडे जुळवून नवी आवृत्ती बाहेर पडते. तिच्यात काय ठेवायचं, काय वगळायचं, यावर शेवटचा शब्द माझा असायचा. मी ब्रॉन जेलबर्ट. पोर्ट पिरीला फिटर होते. काम सुटल्यावर गावच्या वाचनालयातल्या यंत्रांवर बसून हे सगळं शिकले. पदवी नाही, आणि ती नसल्याचा माज मात्र भरपूर.

यंत्र सुरू झालं की सगळ्यांत आधी एक कार्यक्रम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. पूर्वी हे काम आज्ञांच्या वीस-पंचवीस छोट्या चिठ्ठ्यांवर चालायचं. चिठ्ठी उघडा, वाचा, कळत नसेल तर ओळीवर बोट ठेवून शेजाऱ्याला विचारा. मग थोरला आला. थोरला हे आम्ही ठेवलेलं नाव. आधी तो नुसता उठवायचा. मग नोंदवही त्याच्याकडे गेली, मग घड्याळ, मग आत कोण आलं नि बाहेर कोण गेलं याचा पहारा, मग नेटवर्क. कामं त्याने चांगली केली, खोटं कशाला बोलू. पण विहीर, चूल आणि किल्ल्या एकाच भावाकडे गेल्या की घरातल्या बाकीच्यांची भाषा बदलते. पडदा रंगवणारे म्हणू लागले, थोरला असेल तरच आम्ही चालू. आवाजवाले म्हणाले, आम्हीही. एकेकाला विचारलं तर प्रत्येकाकडे चांगलं कारण होतं.

थोरल्याशिवाय यंत्र चालवणाऱ्यांसाठी मर्व्ह नोस्के या म्हाताऱ्याने एक छोटा तुकडा लिहिला होता. पडदेवाल्यांनी विचारलं, थोरला आहे का घरात, की हा दारातूनच ‘आहे आहे, या’ म्हणायचा आणि मागे जुन्या चिठ्ठ्याच राबायच्या. तोच उंबरा. मर्व्ह एकाहत्तर वर्षांचा, पोर्ट लिंकनला राहणारा, जन्मभर बोटींचे रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. थोरला दर आवृत्तीत नवं काहीतरी बोलायला शिकायचा, आणि मर्व्ह उंबऱ्याला तेवढंच खोटं बोलायला शिकवायचा. बारा वर्षं, फुकट.

फेब्रुवारीतली बैठक. आमच्या बैठका लिहूनच होतात, कुणी कुणाचं तोंड बघत नाही. विषय होता उंबरा ठेवायचा की नाही. मेलबर्नचा कॅस्पर व्हिटल, आमच्यातला सगळ्यांत हुशार, त्याने पहिलंच वाक्य टाकलं, “वापरणारे किती? आकडा सांगा, मग रडा.”

आकडा काढायची आमची एक पद्धत आहे. यंत्रात कुरॅजाँग बसवताना विचारलं जातं, तुम्ही काय वापरता ते आम्हाला कळवू का? हो म्हणणाऱ्याचं यंत्र आठवड्यातून एकदा गुपचूप एक यादी आमच्याकडे पाठवतं. त्यावरून आम्ही ठरवतो, काय जगवायचं नि काय मारायचं. उंबऱ्यापुढे शून्य होतं.

मर्व्हने लिहिलं, “यादी नेटवर्कवरून येते. बेटांवरच्या माझ्या लोकांकडे नेटवर्कच नाही. यादी काय बगळ्याच्या पायाला बांधून पाठवतील?”

“झालं, आली बेटं,” कॅस्पर म्हणाला. “म्हाताऱ्या, बारा वर्षं ऐकतोय तुझी ती बेटं. एक फोटो तरी दाखव. मला तर वाटतं तू नारळाच्या झाडांना संगणक बसवून परत येतोस.”

हसण्याच्या खुणांची रांग लागली. त्यात एक माझीही होती.

“सात दवाखाने आहेत,” मर्व्हने लिहिलं. “मलाइता बेटाच्या पलीकडे. सात यंत्रं. नर्स रेडिओवरून डॉक्टरला पत्र लिहिते, डॉक्टर उत्तर देतो. दुसरा मार्ग नाही.”

“मग ती सातही थोरल्यावर चालतील की. जास्त नीट चालतील.”

“चालतील की नाही ते तू इथे बसून सांगू नकोस, बाळा.”

मागच्या तीन आवृत्त्या उंबऱ्यापायी रखडल्या होत्या. प्रत्येक वेळी दोनशे माणसं माझ्या नावाने ओरडत होती आणि मी एका म्हाताऱ्याची वाट बघत बसत होते. मी लिहिलं, “वगळला. पुढचा विषय.”

मर्व्हने दुसऱ्या दिवशी फोन केला. “ब्रॉन, माझ्या कंबरेचं हाड बदलायचंय मे महिन्यात. या वर्षी मी बेटांवर जाऊ शकत नाही. तिथल्या राजधानीतलं आरोग्यखातं स्वतःच नव्या आवृत्तीची मेमरी कार्डं पाठवणार, जहाजाने. तिथला माणूस बदललाय, माझं ऐकत नाही. म्हणतो, ताजी आवृत्ती ती चांगली आवृत्ती. निदान ही एक आवृत्ती तरी उंबरा राहू दे गं.”

“त्यांना तक्रार नोंदवायला सांग. रीतसर. तक्रार असेल तर मी विचार करीन.”

“यंत्र मेल्यावर तक्रार कुठून नोंदवतील?”

“मर्व्ह, नियम सगळ्यांना सारखा.”

तो म्हणाला, “तू फिटर होतीस ना? मग फिटरसारखी बोल की. कारकुनासारखी काय बोलतेस?” आणि फोन ठेवला. मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा राग लवकर येतो.

एप्रिलमध्ये आवृत्ती निघाली, पहिल्यांदाच ठरल्या तारखेला. ॲडलेडच्या मंडळींनी लॅमिंग्टन केक आणले, माझ्या नावाने चहाचे कप उंचावले. मी चार खाल्ले.

ऑगस्टमध्ये मी झाडूचं काम तपासत होते. झाडू हा मी लिहिलेला छोटा कार्यक्रम. आमच्याकडे हजारो तक्रारी साचायच्या, माणसं तक्रार करून नाहीशी व्हायची. मग मी झाडू लिहिला. तो तक्रारदाराकडे नोंदवहीची फाइल मागतो. ती आली नाही, तीस दिवस हालचाल झाली नाही, की तक्रार बंद. दोन महिन्यांत ढीग निम्म्यावर आला. सगळ्यांनी पाठ थोपटली. दर तीन महिन्यांनी त्याने काय झाडलं ते मी वरवर चाळायची, तेही चहा पितापिता.

नऊ जूनची एक तक्रार होती. “मी लोराइन, नर्स, आउलुमा दवाखाना. नवं कार्ड दोन तारखेला घातलं. तेव्हापासून यंत्र उठत नाही. पडद्यावर लिहितं, नेटवर्कची वाट पाहत आहे. मग मिनिटं मोजतं. पुढे लिहितं, मर्यादा नाही. आमच्याकडे नेटवर्क नाही. कृपा करून त्याला सांगा, वाट पाहू नको. मी हे आउकीच्या नेटवर्कवरून लिहीत आहे. इथे यायला होडीने सहा तास लागतात.”

त्याखाली झाडू: “तक्रारीबद्दल आभार! कृपया नोंदवहीची फाइल जोडा.”

वीस जून. “पुन्हा आले आहे. फाइल कुठे असते? यंत्र उठत नाही तर ती कशी काढू? दवाखान्यात एक गरोदर बाई आहे, पाय आणि चेहरा सुजलाय, मला डॉक्टरला विचारायचं आहे. इथे आउकीत डॉक्टर रजेवर आहे. राजधानीतला डॉक्टर मला फक्त रेडिओवर, माझ्या यंत्रावरून भेटतो. लोराइन.”

झाडू: “मागितलेली माहिती मिळाली नाही.”

वीस जुलै. झाडू: “तीस दिवस हालचाल नाही. तक्रार बंद. कुरॅजाँग अधिक चांगली करण्यात हातभार लावल्याबद्दल धन्यवाद!”

ते उद्गारचिन्ह माझं. रुक्ष वाटू नये म्हणून मी घातलं होतं.

काय झालं असेल ते मला लगेच कळलं. रेडिओच्या कार्यक्रमाला कुणीतरी कधीकाळी ‘नेटवर्क लागतं’ अशी चिठ्ठी जोडून ठेवली होती. जुन्या व्यवस्थेत ती कुणी वाचतच नव्हतं. थोरला शिस्तीचा. त्याने ती वाचली, आणि नेटवर्क आल्याशिवाय रेडिओ सुरू करणार नाही म्हणून बसला. रेडिओ नाही तर कामाचा पडदा नाही, तो नाही तर आत शिरायची सोय नाही, आणि नोंदवही थोरल्याच्याच पोटात. राजधानीत कार्ड तपासलं तेव्हा व्यवस्थित चाललं असणार. राजधानीत नेटवर्क आहे.

मी मर्व्हला फोन लावला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

“आउलुमाची नर्स,” मी म्हणाले.

“मिळाली का तुला तुझी रीतसर तक्रार?” त्याच्या आवाजात चढ नव्हता. “लोराइनचं पत्र मला परवा पोचलं. कागदाचं. ती बाई गेली, ब्रॉन. सेलिना नाव. चौदा जुलै. होडीत घातली होती, आउकीला नेत होते. निम्म्या वाटेवर.”

“आणि बाळ?”

“ते पण.”

तो म्हणाला, “तिचा भाऊ होडी चालवत होता. हडसन. मी त्याला पोरगा असल्यापासून ओळखतो. माझ्या हाताखाली रेडिओचे खांब उभे केलेत त्याने.”

मी तेच सगळं जसंच्या तसं आमच्या बैठकीत लिहिलं. कॅस्परचं उत्तर दहा मिनिटांत आलं. दुरुस्ती सोबत होती. एकच ओळ. ‘वाट पाहू नको’ एवढाच तिचा अर्थ. “चाचणी केली, चढवली,” त्याने लिहिलं. “फार वाईट झालं, ब्रॉन. मनापासून सांगतो. पण स्वतःला खाऊ नकोस. परवान्यात पहिल्याच पानावर लिहिलंय, कसलीही हमी नाही. आपण कुणाला वापरा म्हणून सांगायला गेलो नव्हतो.”

कॅस्पर दुष्ट नाही. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. त्याच्या त्या दहा मिनिटांनी मात्र माझं डोकं भणाणून गेलं. दहा मिनिटांचं काम! लोराइन बारा तास होडीत बसून दोनदा येऊन गेली, आणि तिची नि या दहा मिनिटांची गाठ पडू नये म्हणून मी मध्ये एक यंत्र बसवून ठेवलं होतं.

मर्व्हला म्हटलं, दुरुस्ती झालीय, कार्डं पाठवते. तो भडकला. “टपालाने पाठव, मग नाताळात पोचतील. नोव्हेंबरात वादळं सुरू होतात. सात यंत्रं आहेत, सातही तशीच पडून आहेत. माझं अर्धं ढुंगण पोलादाचं आहे. यायचं तर ये, नाहीतर बस तक्रारी चाळत.”

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आउलुमाला उतरलो. परतीचं जहाज महिन्याने होतं.

दवाखाना म्हणजे साबूच्या ताडाच्या पानांनी शाकारलेल्या दोन खोल्या, वर सौर पट्ट्या, मागे रेडिओचा खांब. यंत्र चालूच होतं. लोराइनने ते बंद केलंच नव्हतं. जाड भिंगांची, पन्नाशीची बाई. म्हणाली, “मर्व्ह नेहमी सांगायचा, मध्येच बंद करू नका, बिघडतं. म्हणून ठेवलंय.” पडद्यावर मिनिटं मोजत होतं ते. आकडा इतका लांब झाला होता की ओळीच्या बाहेर गेला होता.

लगेच हात लावू नका, आधी माणसांशी बोला, असं लोराइननेच सांगितलं. संध्याकाळी मोठ्या नगाली झाडाखाली सगळे जमले. सेलिनाचे मामा बेन्सन, तेच गावचे प्रमुख, सुपारीला चुना लावत बसले होते. हडसन बाजूला होता, तिशीचा, हाताच्या रेषांत वंगण मुरलेला. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मी विमानात बोलणं घोकून आले होते. माफीत पाणी घालायचं नाही, सरळ सांगायचं, असं ठरवलं होतं. उभी राहिले आणि म्हणाले, “सेलिना बाळंतपणात रक्त जाऊन गेली, आणि डॉक्टरला विचारता आलं नाही ते माझ्यामुळे. दोष माझा आहे.”

मर्व्हने त्यांच्या बोलीत सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गरज नव्हती, सगळ्यांना कळलं होतं. बायकांनी माना खाली घातल्या. हडसन उठला आणि अंधार पडत चाललेल्या किनाऱ्याकडे चालता झाला. बेन्सन मामांनी तोंडातली सुपारी थुंकली.

“गाढवे,” मर्व्ह दातांत म्हणाला. “खाली बस.”

“काय केलं मी?”

“भावासमोर बहिणीचं बाळंतपण बोललीस. चारचौघांत. इथे बाळंतिणीच्या खोलीपुढून भाऊ जातसुद्धा नाही. होडीत त्याने सहा तास मागे वळून बघितलं नव्हतं. बायका मागे होत्या, तो पुढे तोंड करून. आणि तू ते सगळं त्याच्या मांडीवर आणून ओतलंस.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं हे कुणालाही ठाऊक असतं.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “इतकी वर्षं इथे येतोय. मला खरंच वाटलं, ठाऊक असेल.”

त्या रात्री कसावाचं पुडिंग आणि डब्यातला मासा कुणीतरी पायरीवर ठेवून गेलं. हाक मारली नाही.

सकाळी बेन्सन मामांनी बोलावलं. “तुझ्या दोन चुका,” ते म्हणाले. मर्व्ह सांगत गेला. “कालची, बोलण्याची, तिला रीत आहे. एक डुक्कर दे, माफी माग, संपलं. माणसं असं चुकतात, त्याला आम्ही सरावलोय. पहिलीला रीत नाही. कुणी भाला मारला, कुणी शेत जाळलं, कुणी बायको पळवली, सगळ्याला बापजाद्यांनी रीत घालून दिलीय. दुसऱ्या देशात बसून, आम्हाला न बघता, एका ओळीने माणूस मारायचा, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी रात्रभर विचार केला. मला काही सुचलं नाही. म्हणून हडसनला विचारलं. तो सांगेल ते कर.”

डुक्कर मर्व्हच्या ओळखीने मिळालं. मी ते स्वतः ओढत नेलं, आणि पोरं हसली. हसली ते बरं झालं.

हडसन दवाखान्यात यंत्रापुढे बसला होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “दुरुस्ती आणलीस?”

“दोन आहेत,” मी सांगितलं. “एक, नवं जे आहे तेच ठेवायचं आणि त्याला एक ओळ सांगायची, वाट पाहू नको. पाच मिनिटांचं काम. दुसरी, मर्व्हचं जुनं परत बसवायचं.”

“फरक काय?”

“नव्यामागे शेकडो माणसं आहेत. भोकं बुजवतात, सुधारतात. जुन्यामागे मर्व्ह एकटा.”

“नवं उघडून बघता येतं?”

“येतं. सगळं उघडं आहे, लपवलेलं काही नाही. पण…” मी थांबले. “लाखो ओळी आहेत. मी स्वतः सगळं वाचलेलं नाही. एका भागाला हात लावला तर कुठला दुसरा भाग रुसेल, ते मलाही सांगता येत नाही.”

“आणि जुनं?”

“जुन्या चिठ्ठ्या तेवीस. आणि उंबरा. दोन दिवसांत वाचून होईल.”

तो मर्व्हकडे वळला. “आणि तू मेलास तर?”

“लवकरच,” मर्व्ह म्हणाला. “कंबर सोडून बाकी सगळं माझंच जुनं आहे.”

“मग कोण?”

“मी,” मी म्हणाले. हे मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं.

“तू?” पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “तुझ्याकडे तर आधीपण होतं ना हे सगळं.”

मी कार्डांची डबी त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

“माझ्या होडीच्या पंधरा घोड्यांच्या ताकदीच्या इंजिनचं पुस्तक माझ्याकडे नाही,” तो म्हणाला. “मी ते खोललं, बिघडवलं, परत लावलं. आता ते समुद्रात बंद पडलं तर मी हाताने चालू करतो. त्या दिवशीही दोनदा बंद पडलं होतं, दोनदा चालू केलं. होडी अडकून पडली नाही. हे बंद पडलं तर मी काय करायचं? तुला पत्र लिहायला आउकीला जाऊ?” तो खुर्ची सरकवून बाजूला झाला. “जुनं लाव. आणि मला दाखव. कोण कोणाला उठवतं ते. पहिल्यापासून.”

जुनं बसवणं म्हणजे या माणसाला एका मरत्या गोष्टीशी बांधणं. मी तसं त्याला बोलले. तो म्हणाला, “इथे सगळ्या गोष्टी मरतातच, बाई. खारी हवा आहे. दुरुस्त करता आलं पाहिजे.”

नऊ दिवस आम्ही बसलो. सकाळी चिठ्ठ्या, दुपारी तो इंजिनं बघायला जायचा, उन्हं उतरल्यावर पुन्हा चिठ्ठ्या. त्याचं इंग्रजी वाचन हळू होतं, पण ओळीवरून बोट हलवायचा नाही, कळेपर्यंत. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “हा आधी घड्याळ लावतो आणि मग तारीख वाचतो. घड्याळाला बॅटरीच नाही, मग कुठली तारीख वाचतो?” मर्व्हने चष्मा पुसला, ओळ बघितली, आणि म्हणाला, “बारा वर्षं. बारा वर्षं हे इथे आहे आणि मला दिसलं नाही. लेका, तू कुठे होतास?” पाचव्या दिवशी हडसनने स्वतः एक चिठ्ठी बदलली आणि यंत्र उठेना. मी हात पुढे केला. “राहू दे,” तो म्हणाला. मी हात मांडीखाली घेऊन बसले. पाऊण तास. लोराइन येऊन बघून गेली. शेवटी त्याने एक विसरलेलं चिन्ह शोधून काढलं, स्वतःलाच एक घाणेरडी शिवी दिली, आणि यंत्र उठलं.

दहाव्या दिवशी रेडिओ लागला. खरखर, मग डॉक्टरच्या यंत्राची शिट्टी, मग पडद्यावर एक हिरवी ओळ: आउलुमा, बोला.

लोराइनने कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. जूनपासून न गेलेले सगळे अहवाल. हिवताप इतके, जखमा इतक्या, जन्म चार. शेवटी एक कागद वेगळा ठेवला होता. तिने हडसनकडे बघितलं. तो आपणहूनच उठला, “खांबाची तार ढिली वाटतेय,” म्हणाला, आणि बाहेर गेला. तार ढिली नव्हती. आदल्या दिवशी त्यानेच ताणली होती.

“तुम्ही टंकून घ्या,” लोराइन मला म्हणाली. “मी बोलून सांगणार नाही. तो ऐकेल. बोट ठेवते, तेवढं लिहा.”

तिचं बोट कागदावरून सरकत गेलं आणि मी टंकत गेले. नाव. वय सव्वीस. तारीख. जागा, या रकान्यात तिने लिहिलं होतं, समुद्र. बाळ, मुलगी. कारण, या रकान्यात डॉक्टरी शब्द होते. ते मी अक्षर अक्षर बघून उतरवले. त्याखाली एक रिकामी ओळ होती, ‘इतर कारणं असल्यास’.

लोराइनचं बोट तिथे थांबलं. “हे मी तुमच्यासाठी ठेवलंय,” ती कुजबुजली. “मला शब्द माहीत नाहीत. तुम्हाला माहीत असतील.”

मी पहिल्यांदा लिहिलं, यंत्रातील बिघाड. वाचलं. खोटं होतं ते. यंत्रात बिघाड नव्हता, त्याला जे सांगितलं होतं तेच ते करत होतं. पुसलं. मग लिहिलं: ‘दवाखान्याचं यंत्र बेचाळीस दिवस नेटवर्कची वाट पाहत होतं. नर्सने दोनदा कळवलं. दोन्ही वेळा ब्रॉन जेलबर्ट यांच्या कार्यक्रमाने उत्तर दिलं, माणसाने दिलं नाही.’

लोराइनने भिंगं वर करून ते दोनदा वाचलं. “राजधानीत हे छापलं जातं,” ती म्हणाली. “नाव पण.”

“असू दे.”

तिने पाठवायची कळ दाबली. रेडिओ हळू बोलतो. एकेक ओळ आत शोषली जावी तशी पडद्यावरून नाहीशी होत होती, मध्ये खरखर, मध्ये थांबा, पुन्हा एक ओळ. शेवटची ओळ गेली आणि पलीकडून उत्तर आलं: मिळालं.

बाहेरून हडसनने विचारलं, “गेलं का?”

“गेलं,” लोराइन म्हणाली.

काय गेलं ते त्याने विचारलं नाही. दारात येऊन त्याने फक्त कार्डांची डबी मागितली, बाकीच्या सहा यंत्रांसाठी सहा कार्डं मोजून घेतली आणि खिशाचं बटण लावलं. “उद्या भरती पहाटेची आहे,” तो मर्व्हला म्हणाला. “आधी जवळचं बेट करू. तू कंबर घेऊन मध्ये बस. आणि हिला सांग, तिथे यंत्राला मी हात लावणार. तिने फक्त बघायचं.”

तो पेट्रोल भरायला किनाऱ्याकडे गेला.